खाच वर धरा

चॅनेलवर चेहरा भावाचा आणि हात ताईचे, ही वाटणी कोणी बसून ठरवलेली नव्हती. भावाला बोलता यायचं आणि ताईला जोडता यायचं, एवढंच. पडद्यांच्या दुकानात होता तेव्हा भाऊ खिडकीभर कापड मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला अख्ख्या घराचे पडदे गळ्यात मारून पाठवायचा. ताईने शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, प्रयोगशाळेच्या किल्ल्या सांभाळल्या, आणि निवृत्त झाल्यावर भावाच्या घरातल्या मागच्या खोलीत राहायला आली. लग्न केलं नव्हतं. त्या खोलीत तिने टेबल मांडलं, सोल्डरिंग आयर्न ठेवलं, आणि सणासुदीला घरावर लावायच्या दिव्यांच्या माळा स्वतःच बनवायला सुरुवात केली. गंमत म्हणून. भावाने त्या गमतीचा व्हिडिओ केला आणि बघता बघता तो 'दिवेभाऊ' झाला.

सुरुवातीला लोक विचारायचे, "भाऊ, तुमचे हात एवढे नाजूक कसे?" मग भावजयीने काळे हातमोजे आणून दिले. मनगटापर्यंतचे, घट्ट बसणारे. ताईने विचार केला, गरम आयर्नजवळ हातमोजे असलेले बरेच. मुलांनाही आपण प्रयोगशाळेत घालायला लावत होतोच की. नाजूकपणाची चौकशी बंद झाली. हातमोज्याच्या वर ताईचं घड्याळ तेवढं दिसायचं, किल्लीचं, आतल्या छोट्या तबकडीत वेगळा सेकंदकाटा फिरणारं. नोकरी लागली तेव्हा आईने दिलेलं. ते काढून ठेवायला ती तयार झाली नाही. भाऊ म्हणाला, "असू दे, छान दिसतं. जुन्या वस्तूंचा शौकीन वाटतो मी."

बोलायचं काय तेही ताईच लिहायची. तिच्या लिहिण्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा यायचं: तारांच्या रंगावर जाऊ नका, जागा बघा. हे खरंच होतं. एका कारखान्याची लाल तार प्लस असते, दुसऱ्याची लाल तार सिग्नलची निघते, आणि बाहेर लावायच्या चांगल्या माळांच्या तर तिन्ही तारा काळ्या. अशा माळेच्या गोल प्लगला कडेला एक खाच असते. ती खाच वर धरायची. मग डावीकडची तार प्लस, मधली सिग्नलची, उजवीकडची मायनस. हे वाक्य लोकांच्या इतकं तोंडी बसलं होतं की एकाने ते बनियनवर छापून घेतलं. बनियनवर चेहरा अर्थातच भावाचा होता.

यंदाचा मोसम सुरू व्हायच्या आधी एका सभागृहात हौशी लोकांचा मेळावा भरला. भाऊ व्यासपीठावर, लोक रांगेत, ताई बाजूच्या टेबलाशी नमुन्याच्या माळा घेऊन उभी. भावजय फोनवर चित्रण करत होती. रांगेतून एक म्हातारा पुढे आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला भिंग अडकवलेलं, उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी. मागे त्याचा मुलगा, कंटाळलेला. म्हाताऱ्याने पिशवीतून माळ काढून टेबलावर ठेवली. पहिल्याच दिव्याची टोपी वितळून बसली होती आणि प्लगपासूनची तार फुगून करपली होती.

"मी घड्याळं दुरुस्त करतो," तो म्हणाला. "माळ कापून नवा प्लग लावायचा तुमचा व्हिडिओ बघून केलं सगळं. अगदी तसंच. बटण दाबलं तर हे झालं. खिडकीचा पडदा पेटला. माझं कुठं चुकलं तेवढं सांगा."

भावाने माळ उचलली, उलटसुलट केली. "काका, प्लस-मायनस उलटं जोडलंय."

"तुम्ही दाखवलं तसंच जोडलंय."

"मग चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा."

लोक हसले. भाऊ वाईट हेतूने बोलला नव्हता. त्याला हशा दिसला की तो वाकून उचलायचाच, रस्त्यात पडलेल्या नाण्यासारखा. म्हाताराही हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही. त्याने ताईकडे पाहिलं. ती सगळ्यांत जवळ होती म्हणून असेल.

"खाच वर धरली होतीत ना काका?" ताईने विचारलं.

"वरच होती."

"जोडताना हातातून फिरली असेल. होतं असं."

ती हे शाळेतल्या आवाजात म्हणाली, समजुतीच्या. म्हाताऱ्याने मान खाली घातली. मुलगा म्हणाला, "बघा बाबा, खुद्द भाऊंनी सांगितलं. आता तरी ऐका." आणि भावाकडे वळून, "सहा महिने सांगतोय, डोळे गेलेत, हात कापतात, दुकान बंद करा. ऐकत नव्हते. आता घर जाळायला निघाले तेव्हा हत्यारं उचलून ठेवली मी. थँक्यू हं भाऊ."

"काळजी घ्या बाबांची," भाऊ म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

ताईने ती जळकी माळ ठेवून घेतली. तिला ती का हवी होती हे तिलाही सांगता आलं नसतं. शाळेत कोणाचा प्रयोग चुकला की ती आधी मुलाला दोष द्यायची नाही, आधी जोडणी बघायची. आज तिने आधी दोष दिला होता आणि जोडणी नंतर बघणार होती. हा क्रम तिला टोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने माळ भिंगाखाली धरली. काम पाहून तिचे हात थांबले. तारा जोडल्याचा डाख बारीक, गोल, चकाकणारा. ज्याचे हात कापतात त्याचं हे काम नव्हतं. तिच्या स्वतःच्या डाखापेक्षा सरस होतं. फक्त डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल झालेली, तीही प्लगमध्ये अगदी नीट, विचार करून केलेली.

मग तिने तो व्हिडिओ लावला. आपलेच व्हिडिओ ती पुन्हा बघत नसे. भावाचा चेहरा आला, दोन विनोद झाले, मग काळे हातमोजे, प्लग, वर खाच. तिने लिहिलं होतं 'डावीकडची तार प्लस'. भाऊ म्हणत होता, "ही प्लस, ही मधली, ही मायनस, झालं काम." डावी-उजवी शब्दच नव्हते. आणि काळं बोट उजवीकडच्या तारेवर होतं.

ताईने चित्र मागे नेलं. पुन्हा उजवीकडे. तिला क्षणभर वाटलं, म्हणजे मीच चुकले. तेवढ्यात तिला घड्याळ दिसलं. ते उजव्या मनगटावर होतं. तिने जन्मात घड्याळ उजव्या हाताला बांधलं नव्हतं. तिने चित्र मोठं केलं. छोट्या तबकडीतला सेकंदकाटा शांतपणे उलटा चालला होता.

व्हिडिओ संपेपर्यंत तिने पाहिलं. जोडल्यावर, वीज द्यायच्या आधी मीटर लावून तपासायचा भाग तिने लिहिला होता, तिच्या हातांनी करूनही दाखवला होता. तो नव्हताच. त्या जागी भाऊ आणखी एक विनोद करत होता.

भावजय स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून बसलेली असायची. सगळी कापाकापी तिची.

"या व्हिडिओतलं हातांचं चित्र तू उलटं केलंस का?" ताईने विचारलं.

"कुठलं? हां, ते." भावजयीने मान वर केली नाही. "यांच्या चित्रात माळ डावीकडून येते आणि तुमच्या चित्रात उजवीकडून. डोळ्याला खटकत होतं. म्हणून आरशासारखं फिरवलं. कोणाला कळलंसुद्धा नाही."

"एकाला कळलं. त्याचा पडदा जळला."

तिने सगळं सांगितलं. भावजयीचा हात थांबला. तिने भावाला हाक मारली. भाऊ दाढीचा फेस पुसत आला, तसाच उभ्याने ऐकत राहिला.

"मी लिहिलेलं 'डावी-उजवी' का काढलंस?" ताईने विचारलं.

"ताई, तुझी वाक्यं म्हणजे पाठ्यपुस्तक. 'डावीकडची तार ही धन टोकाची असून'. लोक झोपतात गं."

"आणि मीटर?"

"मीटर आला की निम्मे लोक पळून जातात. आम्हाला दिसतं ते, आलेख असतो."

"पूर्वीही कमेंटमध्ये आलं होतं, माळ जळली म्हणून. तू लिहिलंस, स्वस्तातली घेतली असेल."

"असेलही." भाऊ खुर्चीवर बसला. "हे बघ, लाखो लोकांनी पाहिला तो. जळल्या किती, पाच-सहा?"

"कारण बाकीच्यांनी आपलं ऐकलं नाही," ताई म्हणाली. हे तिला बोलता बोलताच कळलं. "त्यांच्या तारा रंगीत होत्या, ते रंगावर गेले, वाचले. ज्यांनी जागा पाहिली, मी सांगितलं तसं मन लावून केलं, नेमके तेच भाजले. वर्गातली सगळ्यांत चांगली मुलं."

 

"व्हिडिओ काढून टाक," ताई म्हणाली. "आणि चित्र उलटं होतं, असं स्वतःच्या तोंडाने सांग. त्या माणसाची हत्यारं काढून घेतलीत त्याच्या मुलाने. तुझ्या शब्दाने त्यावर शिक्का बसलाय. तू चुकलो म्हणालास तरच तो ती परत देईल."

"आत्ता?" भावजय म्हणाली. "माळांच्या कंपनीची माणसं परवा येतायत. हा व्हिडिओ बघूनच येतायत ती. ताई, कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"हात माझेच आहेत."

"ते कोणाला माहीत आहे?" भावजय म्हणाली. तिला हे इतकं उघडं बोलायचं नव्हतं. ती पुन्हा कॉम्प्युटरकडे वळली.

भावाने आवाज मऊ केला. हा त्याचा पडदे विकायचा आवाज. "मोसम होऊ दे. मग काढतो. तोवर खाली एक ओळ टाकू, 'जोडणी काळजीपूर्वक करा'. ठीक?"

ताईने त्याच संध्याकाळी स्वतःच व्हिडिओखाली लिहिलं: यातलं चित्र उलटं आहे, डावी ती उजवी समजावी, वीज देण्याआधी मीटर लावावा. थोड्या वेळाने उत्तरं आली. 'काकू, भाऊंना शिकवताय?' 'आधी स्वतः एक माळ बनवा, मग बोला.' एकाने तिला समजावलं होतं: 'खाच वर धरा, मग कळेल.' सकाळी पाहिलं तर तिचं लिहिलेलं तिथे नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. तिने कोणाला विचारलं नाही.

घड्याळांचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. मेळाव्यात नाव-पत्ता लिहून घेतला होता. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. काचेच्या कपाटात बंद पडलेली घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. खिडकीच्या चौकटीचा वरचा भाग काळा पडला होता आणि पडदा नव्हता. म्हातारा कामाच्या टेबलाशी बसला होता. टेबलावर पेला सोडून काही नव्हतं. हत्यारांच्या जागा मात्र लाकडावर उमटलेल्या दिसत होत्या, बारीक फिकट पट्ट्या, वर्षानुवर्षं एकेक वस्तू एकाच जागी ठेवल्याच्या.

ताईने फोन त्याच्यासमोर धरला. "माझ्या मनगटाकडे बघा. तारांकडे नको."

त्याने खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंग काढून पुसलं.

"काटा उलटा चाललाय," तो म्हणाला.

"चित्र फिरवलंय. तुमचं काहीही चुकलं नव्हतं. तुम्ही दाखवलं तसंच केलंत. आणि तुमचा डाख माझ्यापेक्षा चांगला आहे."

"आयुष्य घड्याळात गेलं," म्हातारा म्हणाला, "आणि डोळ्यांसमोर घड्याळ उलटं चालत होतं ते दिसलं नाही. म्हणजे काखेत कळसा. मी तारांकडेच बघत होतो. तुम्ही म्हणता ना, जागा बघा." तो हसला, आणि या वेळी त्याला हसू जमलं. "म्हणजे हात तुमचे होते होय. मला वाटलंच, त्या बोलणाऱ्याचे नाहीत."

मुलगा आतून आला. ताईने त्याला सुरुवातीपासून सांगितलं, शाळेत सांगायची तसं, एकेक पायरी. तो ऐकत होता. फोनवरचं चित्रही त्याने पाहिलं, पण घड्याळाकडे पाहता पाहता त्याची नजर भावाच्या चेहऱ्यावर गेली आणि तिथेच राहिली.

"पण हात तर भाऊंचे आहेत," तो म्हणाला.

"माझे आहेत. हे घड्याळ बघा."

"सारखं घड्याळ असू शकतं." तो उद्धट नव्हता. "तुम्ही बाबांची समजूत काढायला एवढ्या लांब आलात, बरं वाटलं. पण भाऊंनी सांगितलं तर मी हत्यारं आत्ता देतो. मला काय हौस आहे?"

ताईने तिथूनच भावाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"मी घड्याळवाल्या काकांकडे आहे," ती म्हणाली. "त्यांचा मुलगा ऐकतोय. चित्र उलटं होतं, एवढंच सांग. बाकी काही नको."

पलीकडे क्षणभर शांतता. ताईला त्या क्षणात आशा वाटली. लहानपणी काही फोडलं की भाऊ असाच गप्प व्हायचा आणि मग खरं बोलायचा.

"नमस्कार," भाऊ म्हणाला. ऊबदार, मोठा आवाज. दुकान भरून गेलं. "बाबा बरे आहेत ना? अहो, आमची ताई त्या दिवसापासून जेवली नाही नीट. तिला फार लागलंय ते. शाळेत होती ना, कुणाची चूक झाली की स्वतःवर घेते. तुम्ही मनावर घेऊ नका. आणि बाबांना सांभाळा, हं? वीज म्हणजे खेळ नाही."

"नाही भाऊ, सांभाळतो," मुलगा म्हणाला. "तुम्हीही ताईंना सांभाळा."

फोन बंद झाला. मुलाने ताईकडे पाहिलं. ज्या नजरेने तो वडिलांकडे पाहायचा, तीच नजर.

"पाणी देऊ?" त्याने विचारलं. "घरी सोडायला येऊ का? एकट्या आलात ना?"

ताईने नको म्हटलं. तिने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि म्हाताऱ्यासमोर रिकाम्या टेबलावर ठेवलं. "हे मागे पडतं आजकाल. दुरुस्तीला टाकते. तुम्हीच करायचं. घाई नाही."

म्हाताऱ्याने ते कानाशी धरलं. डोळे मिटले. "तेल वाळलंय," तो म्हणाला. "उघडून पुसायचं, एक थेंब तेल. बस." त्याचा हात सवयीने टेबलावरच्या एका फिकट पट्टीवर गेला आणि तिथे काही नव्हतं.

"ठेवून जा," मुलगा म्हणाला. "मी बघतो त्याचं."

घरी आल्यावर ताईने सांगितलं की आता हात देणार नाही, तो खरं बोलेपर्यंत. भावाने वाद घातला नाही. ठरल्या दिवशी कंपनीची माणसं आली तेव्हा मागच्या खोलीतल्या टेबलाशी भावजय बसली होती, काळे हातमोजे घालून. ते तिलाही तितकेच घट्ट बसले. दाराशी उभं राहून ताईने पाहिलं. डाख ढोबळ होता, तार जास्त सोलली होती. भाऊ म्हणाला, "ही प्लस, ही मधली, ही मायनस, झालं काम." नवा व्हिडिओ चॅनेलवर गेला. लोकांनी लिहिलं, भाऊ, हात आणखी सफाईदार झाला. एकाने मात्र विचारलं, घड्याळ कुठे गेलं?

भावाने उत्तर दिलं, 'दुरुस्तीला टाकलंय', आणि पुढे हसरा चेहरा.

काही दिवसांनी घड्याळवाल्याच्या मुलाचा फोन आला, घड्याळ तयार आहे. ताई गेली. रस्त्यातल्या गच्च्यांवर माळा चढू लागल्या होत्या. एका शिडीवर एक माणूस फोन समोर टेकवून प्लग जोडत होता. ती खाली थांबून म्हणाली, "दादा, वीज देण्याआधी मीटर लावा." तो म्हणाला, "हो काकू," आणि मान वळवली नाही.

दुकानातलं कामाचं टेबल गेलं होतं. त्या जागी सोफा होता आणि म्हातारा त्यावर बसला होता, हात मांडीवर. मुलाने घड्याळ कागदात गुंडाळून दिलं.

"बाजारातल्या दुकानातून नवीन मशीन घालून आणलंय त्यात, सेलवरचं," तो म्हणाला. "आता किल्ली द्यायला नको, मागे पडायला नको. पैसे नकोत, भाऊंच्या घरचं काम."

ताईने घड्याळ कानाशी धरलं. टिकटिक नव्हती. तबकडी तीच, काटे तेच, आईने बसवून घेतलेला पट्टाही तोच. छोट्या तबकडीतला सेकंदकाटा मात्र एका जागी उभा होता. नव्या मशीनला त्याची जोडणी नव्हती.

"वरून तेच दिसतं," म्हातारा सोफ्यावरून म्हणाला.

"बाबा," मुलगा म्हणाला.

ताईने घड्याळ बांधलं, डाव्या हाताला. मग विचारलं, "आतलं जुनं मशीन कुठंय?"

"ते? दुकानदाराने टाकलं असेल." मुलगा विचारात पडला. "हवं होतं का तुम्हाला?"